घरची देखभाल, कंपनीची सर्व्हिस आणि विक्रीचा भाव: एका स्विफ्टच्या प्रकल्प नोंदी

3 ऑगस्ट 2025, रविवार

नोव्हेंबर 2018 ची नोंदणी असलेली आमची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय येत्या दोन महिन्यांत विकायची, असे घरात ठरले आहे. गाडी एकहाती आहे, पुण्यातच पासिंग झालेली आहे आणि तिचे मीटर 61 हजार किलोमीटरच्या पुढे गेले आहे. विक्रीबरोबर एक हिशेबही पूर्ण करायचा आहे. वाढीव वॉरंटी नोव्हेंबर 2022 मध्ये संपेपर्यंत ही गाडी न चुकता अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली. त्यानंतर तेल, फिल्टर, बॅटरी, ब्रेकची तपासणी अशी नेहमीची कामे मी घरी केली आणि अवघड कामे गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे दिली. या बदलामुळे विक्रीच्या भावात किती फरक पडतो, हे रुपयांत पाहायचे आहे.

जाहिरातींमध्ये ‘सिंगल ओनर, शोरूम मेंटेन’ हे शब्द हमखास असतात. त्या दुसऱ्या शब्दांना बाजारात प्रत्यक्ष किती किंमत मिळते हे मात्र कोणी सांगत नाही, कारण एकाच गाडीला दोन्ही इतिहास असू शकत नाहीत. सुदैवाने शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची गाडी जुलैमध्ये विकायला काढली होती आणि तिची प्रत्येक सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच झालेली आहे. त्यांनी आपली बिले आणि मिळालेले भाव मला पाहू दिले. तुलना अगदी काटेकोर होणार नाही, पण बाजारात याहून जवळची जोडी मिळणे अवघड आहे.

10 ऑगस्ट 2025, रविवार

आजचा दिवस कागदांत गेला. अधिकृत वर्कशॉपच्या बिलांची चिंता नव्हती, कारण ती नोंद कंपनीच्या संगणकात नोंदणी क्रमांकाखाली असतेच. बाकीच्या काळाची फाईल मात्र तारखेप्रमाणे नव्याने लावली. प्रत्येक कामासाठी एक पान ठेवले असून त्यावर तारीख, मीटरवरचा आकडा, वापरलेल्या तेलाची श्रेणी, भागांचे क्रमांक आणि नाना पेठेतल्या दुकानाचे जीएसटी क्रमांकासह पक्के बिल आहे. त्याच दिवशी काढलेला मीटरचा फोटोही चिकटवला आहे. नाना पेठेत पक्के बिल मागितले की दुकानदार आधी कपाळाला आठ्या घालतो आणि मग भाव थोडा वाढवतो. बिलाशिवाय तोच फिल्टर स्वस्त मिळतो हे खरे, पण तो कंपनीचा आहे की हुबेहूब खोक्यातला बनावट, याची शाश्वती कागदाशिवाय कोणी देत नाही.

खर्चाची बाजू अशी दिसते. घरच्या एका सर्व्हिसला तीन लिटर सिंथेटिक तेल, तेलाचा फिल्टर, हवेचा फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर मिळून एकोणीसशे रुपयांच्या आसपास लागतात. बाहेर करून घेतलेले अलाइनमेंट धरले तर आकडा अडीच हजारांवर जातो. शेजाऱ्यांची त्याच काळातली बिले सरासरी सहा हजार तीनशेची आहेत. त्यांच्या बिलांत तेल, फिल्टर आणि मजुरी यांच्याखाली थ्रॉटल बॉडीची सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण, आतल्या भागाचे फोम वॉशिंग अशा ओळी दर वर्षी येतात. मालकाच्या पुस्तिकेतील देखभालीच्या तक्त्यात या कामांचा उल्लेख सापडत नाही. त्या ओळी वगळल्या तर अधिकृत सर्व्हिस फारशी महाग नाही, हेही नोंदवायला हवे. त्या ओळींना नाही म्हणता येते, पण त्यासाठी जॉब कार्डवर सही करताना सल्लागाराच्या समोर दोन मिनिटे ठामपणे उभे राहावे लागते.

दर सर्व्हिसमागे तीन हजार आठशे रुपये वाचले. घरच्या तीन सर्व्हिस धरता (तिसरी पुढच्या रविवारी) ती बचत साडेअकरा हजारांच्या आसपास येते. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आणि जॅक स्टँड यांचा खर्च यात धरलेला नाही, कारण ती हत्यारे घरातल्या दुसऱ्या गाडीलाही उपयोगी पडतात.

17 ऑगस्ट 2025, रविवार

विक्रीपूर्वीची शेवटची घरगुती सर्व्हिस आज पूर्ण केली. इंजिन दहा मिनिटे चालवून तेल कोमट केले, गाडीचा पुढचा भाग जॅक स्टँडवर घेतला आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा प्रकार आमच्या पार्किंगमध्ये अजूनही सर्रास दिसतो. तो जीवघेणा आहे. ड्रेन प्लग सुटल्यावर तेलाची धार आधी जाड, मग बारीक आणि शेवटी थेंबाथेंबाने येते. त्या थेंबांना पंधरा मिनिटे देण्याची सवड वर्कशॉपच्या घाईत मिळेलच असे नाही. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने तेल लावून तो हाताने घट्ट केला, प्लगला नवा वॉशर घातला आणि टॉर्क रेंचने आवळला. ॲल्युमिनियमच्या ऑइल पॅनमधले आटे जास्त जोर लावल्याने जातात आणि पुढच्या मेकॅनिकला ते लगेच समजते. मूल्यमापन करणाऱ्यालाही समजते, कारण पॅनखालचा ओलसर डाग लपत नाही.

पुढच्या ब्रेक पॅडची जाडी पुरेशी आहे आणि मागचे ड्रम साफ केले. विंडशील्डखालच्या जाळीत पावसाळ्यात साचलेला गुलमोहराचा पाला काढला. तिथले पाणी जाण्याचे मार्ग तुंबले की ओल आत शिरते, आणि पायाखालच्या गालिच्याला येणारा कुबट वास ग्राहकाला दार उघडताक्षणी कळतो. ब्रेक ऑइलला मी हात लावत नाही. ते हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि ते ठराविक मुदतीने बदलणे आवश्यक असते. परंतु एबीएस असलेल्या प्रणालीतली हवा नीट काढायला दुसरा माणूस आणि काही वेळा स्कॅनर लागतो. ते काम 2024 मध्ये गॅरेजमध्ये करून घेतले होते, त्याचे बिल फाईलमध्ये आहे. निघालेले तेल बंद कॅनमध्ये भरून त्याच गॅरेजमध्ये दिले, जिथून ते गोळा करणारा नेतो.

24 ऑगस्ट 2025, रविवार

पहिले मूल्यमापन आज झाले. उत्पादक कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या विभागातून एक तरुण आला आणि त्याने गाडी सुमारे तासभर पाहिली. त्याची पद्धत शिकण्यासारखी होती. त्याने आधी बॉनेट आणि फेंडरच्या नटांवरचा रंग पाहिला, म्हणजे पाना लागला आहे का ते कळते. मग काचांवरचे वर्षाचे संकेत जुळवले, टायरवरचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी क्रमांक वाचला आणि रंगाची जाडी मोजणारे यंत्र एकेका पत्र्यावर टेकवत गेला. बहुतेक ठिकाणी आकडा शंभर मायक्रॉनच्या आगेमागे होता, डाव्या मागच्या दाराला दोनशेच्या वर गेला. ते दार एका पार्किंगच्या खांबाला घासले होते आणि विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत) जाऊ नये म्हणून मी ते स्वतःच्या खिशातून रंगवून घेतले होते. पुढे त्याने तेलाचे झाकण उघडून आत काळी साय जमली आहे का ते पाहिले. निदान सॉकेटला स्कॅनर लावल्यावर त्याने केवळ दोषसंकेत पाहिले नाहीत, तर गाडीच्या स्वयंतपासण्या पूर्ण झालेल्या आहेत का तेही पाहिले. त्या अपूर्ण असतील, तर कोणीतरी नुकतेच दोष पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे, असा अंदाज निघतो.

इंजिनाबद्दल त्याला काहीच बोलायचे नव्हते. भाव मात्र त्याने चार लाख पाच हजार सांगितला. मी वजावटीचा तपशील मागितला, तेव्हा त्याने टॅबवर दाखवला: दारासाठी आठ हजार आणि सर्व्हिस नोंद अपुरी असल्याबद्दल पंधरा हजार. मी फाईल पुढे केली. त्याने चार पाने मनापासून वाचली आणि म्हणाला, “सर, गाडी खरंच मस्त ठेवली आहे, पण आमच्या सिस्टीमला हिस्ट्री 2022 पर्यंतच दिसते. ही फाईल टाकायला तिथे जागाच नाही.”

त्याचे म्हणणे तर्काला धरून आहे. तो गाडी स्वतःसाठी घेत नाही. पुढच्या ग्राहकाला वॉरंटीसह विकण्यासाठी घेतो आणि त्या वॉरंटीचा धोका कंपनी उचलते. त्या धोक्याचे मोजमाप ते स्वतःच्या संगणकातल्या नोंदीवरूनच करणार.

31 ऑगस्ट 2025, रविवार

गणपतीसाठी घरी आलेल्या धाकट्या भावाने अगदी नेमका मुद्दा काढला: बाहेर सर्व्हिस केली की वॉरंटी जाते, म्हणून लोक शोरूमला चिकटून राहतात, मग यात ग्राहकाचा हक्क कुठे उरतो? भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा कार उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशाचा गाभा हाच होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना न देणे हे बाजारातल्या वर्चस्वाचा दुरुपयोग आहे, असे आयोगाने ठरवले, 2,544.65 कोटी रुपयांचा दंड लावला आणि केवळ बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून ग्राहकाची वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असे निर्देश दिले. प्रकरण पुढे अपिलात गेले. बाहेरच्या सदोष कामामुळेच बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडापुरती जबाबदारी कंपनी नाकारू शकते, हा भाग वेगळा.

आमच्या हिशेबापुरते महत्त्वाचे हे की वॉरंटीचा हक्क आणि विक्रीचा भाव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कायदा वॉरंटी वाचवेल, पण खरेदीदाराला कमी भाव सांगण्यापासून कोणी रोखू शकत नाही. विमा कंपनीचा दृष्टिकोन याहून निराळा आहे. विम्यातील गाडीचे घोषित मूल्य वयाप्रमाणे ठरते: सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घसारा, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाचपर्यंत पन्नास. पाच वर्षांनंतर ते परस्पर संमतीने ठरते. या तक्त्यात सर्व्हिस कुठे केली यासाठी रकानाच नाही.

4 सप्टेंबर 2025, गुरुवार

काल जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि आमच्या हिशेबाचा पायाच हलला. चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा 28 टक्के कर आणि एक टक्का उपकर जाऊन 22 सप्टेंबरपासून 18 टक्के होणार आहे. करासह 129 रुपयांची वस्तू 118 ची झाली, म्हणजे नवी छोटी गाडी साडेआठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त होणार. साहजिकच जुन्या गाडीचा भावही खाली सरकणार. लाल किल्ल्यावरच्या 15 ऑगस्टच्या करकपातीच्या घोषणेनंतरच फोन मंदावले होते. “दिवाळीपर्यंत बघतो, काका” हे वाक्य पाठ झाले आहे.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांवरचा करही याच वर्षीच्या जानेवारीपासून बदलला आहे. पूर्वी स्विफ्टसारख्या छोट्या गाडीवरच्या नफ्यावर 12 टक्के द्यावे लागत, आता 18 टक्के द्यावे लागतात. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीवर हा कर लागत नाही. त्यामुळे व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावात नोंदीची वजावट, त्याचा नफा आणि त्या नफ्यावरचा कर हे तिन्ही मिसळलेले असतात आणि दोष मात्र सगळा ‘सर्व्हिस हिस्ट्री’च्या नावावर खपवला जातो.

14 सप्टेंबर 2025, रविवार

पितृपक्ष सुरू आहे. ग्राहक फिरकत नाहीत, म्हणून आकड्यांकडे वळलो. जुन्या गाड्या ऑनलाइन घेणाऱ्या एका कंपनीने संकेतस्थळावर चार लाख चाळीस हजार दाखवले होते. त्यांच्या माणसाने पाहणी केल्यावर ते तीन लाख नव्वद हजार झाले. पन्नास हजारांच्या या घसरणीचा तपशील त्यांनी दिला नाही, त्यामुळे तिचा अर्थ लावण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

शेजाऱ्यांना जुलैमध्ये कंपनीच्या त्याच विभागाने चार लाख तीस हजार दिले. फरक पंचवीस हजारांचा. त्यातले आठ हजार दाराचे आणि पंधरा हजार नोंदीचे; उरलेले दोन हजार मीटरवरचा थोडा फरक आणि जुलै ते ऑगस्ट ही उतरती कळा यांत सहज विरतात. म्हणजे टॅबवरचा पंधरा हजारांचा आकडा घासाघिशीसाठी फेकलेला नव्हता.

या आकड्याची एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली, पण ती महत्त्वाची आहे. मी त्या माणसाला फोनवर विचारले की नोंद 2022 ऐवजी 2024 मध्ये तुटली असती तर वजावट किती झाली असती? त्याचे उत्तर होते की साखळी तुटली की तुटली, वर्षांप्रमाणे रक्कम मोजत नाहीत. म्हणजे वजावट एकदाच बसते आणि बचत दर वर्षी वाढते. तीन सर्व्हिसची साडेअकरा हजारांची बचत पंधरा हजारांच्या वजावटीला पुरत नाही. चौथ्या सर्व्हिसला दोन्ही पारडी बरोबर होतात. त्यानंतर घरच्या देखभालीचा निव्वळ फायदा सुरू होतो, आणि गाडी दहा-बारा वर्षांची झाल्यावर तर हा विभाग ती वॉरंटीसह विकायला घेणारच नाही, तेव्हा नोंदीचा प्रश्नच मिटतो. प्रश्न घरी की शोरूममध्ये हा राहत नाही. नोंद तुटल्यापासून विक्रीपर्यंत किती वर्षे जाणार, हा राहतो.

28 सप्टेंबर 2025, रविवार

घटस्थापनेपासून फोन पुन्हा सुरू झाले. मी जाहिरातीत चार लाख पासष्ट हजार लिहिले होते, ते नव्या गाड्यांचे भाव पाहून चार लाख पन्नास केले. आज चिंचवडहून एक जोडपे आले. दोघेही कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतात. त्यांनी गाडी फिरवण्याआधी फाईल मागितली आणि बाई पहिल्या पानापासून वाचू लागल्या. ड्रेन प्लगच्या वॉशरचे वीस रुपयांचे बिल पाहून त्या हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “हे बघ, वॉशर सुद्धा बदललाय.” त्यानंतर भावाची बोलणी सोपी झाली, निदान इंजिनाच्या बाबतीत. दारावरून त्यांनी घासाघीस केलीच.

त्यांच्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी गाडी बघायची, त्याचा खर्च त्यांनी करायचा आणि दोष निघाला तर इसार परत, असे ठरले. खासगी ग्राहकाला फाईल उपयोगी पडते ती त्याला ती वाचता येते म्हणून. त्याआधी आलेल्या एका गृहस्थांनी तिला हातही न लावता ‘शोरूमचा शिक्का कुठे आहे’ एवढेच विचारले आणि निघून गेले. असे ग्राहक जास्त आहेत.

2 ऑक्टोबर 2025, दसरा

मेकॅनिकला काही आढळले नाही. चार लाख पस्तीस हजारांना व्यवहार पक्का झाला आणि आज मुहूर्तावर गाडी गेली. कंपनीच्या विभागापेक्षा तीस हजार जास्त मिळाले, तेही करकपातीनंतरच्या बाजारात. यातला मोठा भाग मधला व्यापारी वगळल्याचा आहे, त्याचे श्रेय फाईलला देणे बरोबर होणार नाही. फाईलमुळे किती मिळाले याचा अंदाज करायचा तर तो असा: शेजाऱ्यांची गाडी खासगीत विकली गेली असती तर तिला माझ्यापेक्षा दाराच्या आठ हजारांइतकेच जास्त मिळाले असते, नोंदीचे पंधरा हजार या ग्राहकाने कापले नसते. त्याच्या बदल्यात योग्य ग्राहकाची वाट पाहावी लागली, सुट्टीचे दिवस गाडी दाखवण्यात गेले आणि अनोळखी माणसांना चाचणीसाठी गाडी द्यावी लागली. ज्याला हे नको आहे त्याने पहिल्या दिवसापासून अधिकृत सर्व्हिसच करावी, असे माझे मत आहे.

कागदांत मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 यांवर सह्या झाल्या. आरसी, पीयूसी आणि विम्याची प्रत सुपूर्द केली. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट आधीच बसवून घेतली होती. ती नसती तर हस्तांतर अडले असते. व्यवहाराची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांनी ठेवली, म्हणजे आजनंतरचे चलन माझ्या नावावर आले तर दाखवता येईल.

19 ऑक्टोबर 2025, रविवार

हस्तांतराची सूचना चौदा दिवसांच्या मुदतीत आरटीओकडे गेली आणि परिवहन ॲपवर आता नव्या मालकांचे नाव दिसते. विमा त्यांच्या नावावर करण्याचा अर्ज त्यांनी केला, तर माझा पन्नास टक्क्यांचा नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मी घेतले. ते तीन वर्षे नव्या गाडीसाठी चालते. फास्टॅग बंद केला.

राहिली घरातली 2024 ची वॅगनआर. तिची वाढीव वॉरंटी पाच वर्षांची आहे आणि ती सहाव्या वर्षी विकण्याचा विचार आहे. वरच्या हिशेबाप्रमाणे वॉरंटीनंतर उरणाऱ्या एका सर्व्हिसची बचत पंधरा हजारांच्या वजावटीच्या जवळपासही पोहोचत नाही, त्यामुळे तिची वार्षिक सर्व्हिस शेवटपर्यंत अधिकृत वर्कशॉपमध्येच होईल; जॉब कार्डवरच्या फोम वॉशिंगसारख्या ओळी तेवढ्या खोडायच्या. हवेचा फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल आणि विंडशील्डखालचा पाला मधल्या काळात घरी पाहायचा. जानेवारीची वेळ घेतली आहे.